मुकादम सरांचा ‘पेकेबल’

मुकादम सर रोज सकाळी स्टाफरूमच्या फळ्यावर एक अनोळखी इंग्रजी शब्द लिहीत. १९९४च्या सुमारास नावड्याच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत, मी गणित. शब्दाचं वाक्य करायचं, पण ते ‘मी’ने सुरू झालं पाहिजे, ही त्यांची अट. “दुसऱ्याबद्दल कशाला? तो उत्तर द्यायला इथं नाही.”

एकदा शब्द होता ‘पेकेबल’. “ज्याच्या हातून पाप घडू शकतं, असा,” सर म्हणाले. “पापी नव्हे हं. पापी म्हणजे निकाल लागला. ह्याचा पेपर अजून चालू आहे. आणि गंमत बघा, ‘इम्पेकेबल’, म्हणजे निर्दोष, सगळे म्हणतात. साहेबाचं इंग्रजी इम्पेकेबल, शर्टाची इस्त्री इम्पेकेबल. मूळ शब्द मात्र कोणालाच नको.”

“आमच्यात कोणाला लागू पडेल, सर?” मी विचारलं.

“‘मी’ने सुरू करा बाई, कळेल.”

त्याच आठवड्यात सहामाही परीक्षेत दहावीतल्या संगीताच्या बाकाखाली मला भूमितीच्या प्रमेयाची चिठ्ठी सापडली. हेडमास्तरांना शंभर टक्के निकाल हवा असे. म्हणून कॉपीत सापडलेल्या मुलांचे बोर्डाचे फॉर्म शाळा अडवून ठेवी. वर्गशिक्षिका मी. माझ्या सहीशिवाय फॉर्म जाणार नव्हता.

फॉर्म पाठवायच्या शेवटच्या दिवशी सर तिचा फॉर्म घेऊन सकाळपासून जिने चढत-उतरत होते. हेडमास्तर म्हणत, बाईंची सही आणा. मी म्हणत होते, नियम सगळ्यांना सारखा.

“बाई, तिचा बाप तळोज्याला हमाली करतो. वर्ष गेलं तर गावी नेऊन लग्न लावून टाकेल. पंधरा वर्षांची पोर हाय ती!” सर घाबरले की त्यांची घरची बोली बाहेर येई.

“चिठ्ठी लिहिताना कळत नव्हतं तिला?”

“कळत होतं, म्हणून तर रडते. तुमी कधी काय लपवलंच नाय?”

“नाही,” मी ठणकावून सांगितलं.

चार वाजता शिपाई फॉर्मचा गठ्ठा घेऊन गेला. संगीताचा सरांच्या हातातच राहिला.

ती पुन्हा शाळेत आली नाही. सर तीनदा तिच्या चाळीत गेले. तिसऱ्यांदा कुलूप होतं. मे महिन्यात पत्ता काढून ते एसटीने थेट लातूरकडच्या तिच्या गावी गेले.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी विचारलं, “भेटली?”

“भेटली. सासरी आहे. चहा केला तिनं. विचारत होती, बाई बऱ्या आहेत ना?”

मी म्हणाले, “सर, बी.एड.ला मी मैत्रिणीची पाठांची वही उतरवून माझी म्हणून दिली होती. त्यावरच पास झाले.”

सरांनी हजेरीपट उचलला. “हे त्या दिवशी चारच्या आत सांगायचं होतं, बाई,” ते म्हणाले आणि तासाला गेले.