खुनी कोण ते मी सांगितलं

भाजलेल्या शेंगांचा वास आला की मी थेट लखनौच्या त्या थिएटरात जाऊन बसते.

आदल्याच रविवारी, मराठी मंडळानं आणलेल्या माझ्या लाडक्या सिनेमात हे असे घोरले होते, की पार आलमबागच्या बसस्टँडवरच्या बसवाल्यांनी हॉर्न वाजवणं सोडलं. नायिका मेली, तरी मला धड रडता आलं नाही.

त्या दिवशी यांचा लाडका रहस्यपट होता. "खुनी डॉक्टर आहे, पण तू बघच," यांनी रिक्षातच सांगून टाकलं.

सगळं थिएटर श्वास रोखून बसलं होतं, तेव्हा मी खणखणीत आवाजात, सगळ्यांना कळेल अशा हिंदीत म्हटलं, "अजी, आप ही ने तो बताया, खून डॉक्टर ने किया है."

अख्खं लखनौ यांच्याकडे वळलं. पुढच्या रांगेतले पहिलवानासारखे मियाँ उठून अदबीनं म्हणाले, "हुज़ूर, ज़रा बाहर तशरीफ़ ले चलिए."

हे गेले. मी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. तेव्हा वाटलं, जरा जास्तच झालं. आता वाटतं, कमीच झालं.