पॉज न होणारा गेम

नोकरीभर मी बाजव्याकडच्या रिफायनरीत कंट्रोल पॅनलसमोर बसलो. पुढच्या पाळीचा रिलीव्हर येईपर्यंत खुर्ची सोडायची नाही, हा तिथला नियम. त्यापायी बायकोने कितीदा माझ्यासाठी ताट वाढून ठेवलं आणि ते गार झालं.

आता निवृत्तीनंतर मुलीने एक गेम आणून दिलाय. भलताच कठीण. मेलं की पुन्हा पहिल्यापासून, आणि पॉज म्हणून होत नाही. त्या दुपारी त्यातला राक्षस पहिल्यांदाच टेकीला आला होता, आणि नेमकी बेल वाजली. बायको खंडेराव मार्केटातून परतली होती.

"थांब ना जरा!" मी आतूनच खेकसलो.

बेल पुन्हा वाजली नाही. राक्षस काही मेला नाही, मीच मेलो. चडफडत दार उघडलं, तर ती जिन्याच्या पायरीवर बसून तुवेरच्या शेंगा सोलत होती. पदरात दाण्यांचा बऱ्यापैकी ढीग झाला होता.

"अगं, पुन्हा बेल मारायला काय झालं होतं?" मी उलट तिच्यावरच चिडलो.

पदर सांभाळत ती उठली. "म्हटलं, तुमचा रिलीव्हर आला नसेल अजून."