मावशीचं लक्ष हातावर

माझ्या मावशीने आयुष्यात वाइनचा एक थेंब घेतलेला नाही, आणि तरीही आमच्या बागेतल्या पांढऱ्या वाइनसोबत काय खावं हे तिच्याइतकं कोणाला कळत नाही. हे सांगितलं की लोक हसतात. मीही हसायचे. मला स्वतःच्या जिभेचा फार तोरा होता. शिवाय मावशीची एक खोड आमच्या घरात सगळ्यांच्या थट्टेचा विषय होती: सगळ्यांना वाढून झालं की ती नुसती बसून राहते आणि स्वतः गारढोण जेवते.

आम्ही दोघी द्राक्षबागेत कामाला: मी ऑफिसात, मावशी पाहुण्यांच्या स्वयंपाकघरात. बाग टेकडीच्या उतारावर आहे. खाली नदी, त्यामुळे सकाळी दहापर्यंत धुकं हलत नाही. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि भर उन्हाळ्यातही रात्री शाल लागते. या गारव्यामुळे द्राक्षं पिकली तरी त्यांचा आंबटपणा जात नाही. माती खडूसारखी पांढरी. घरी येऊन बूट झटकले की दारात पीठ सांडल्यासारखं दिसतं. सगळ्यात वरच्या पट्ट्यातले वेल काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, आपल्या हाताने लावले. त्या वेलांची वाइन जवळजवळ पाण्याच्या रंगाची, वास हिरव्या सफरचंदाचा, आणि घोट घेतला की तोंडाला पाणी सुटतं. काकांना जाऊन चार वर्षं झाली.

यंदा बागेच्या मालकांनी स्पष्टच सांगितलं. वरचा पट्टा चढायला अवघड, माल थोडा. वाइनचा एक मोठा व्यापारी जेवायला येणार होता. त्याने ती वाइन घेतली तर ठीक, नाहीतर हिवाळ्यात वेल उपटायचे. मावशीने नुसती मान हलवली आणि वाटाणे सोलायला घेतले. त्या दिवशी तिने गरजेच्या तिप्पट वाटाणे सोलले.

बेत तिचाच: जाळीवर भाजलेला मासा, लोण्यात परतलेले वाटाणे, शेवटी शेळीच्या दुधाचं चीज. टेबल मांडायचं काम माझ्याकडे. मासा मला फारच उघडाबोडका वाटला, म्हणून मी प्रत्येक ताटात लिंबाच्या दोन जाड फोडी ठेवल्या. मावशीला विचारलं नाही. शहाणी ना मी.

व्यापाऱ्याने लिंबू पिळलं, घास खाल्ला, वाइनचा घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. तो परत उचललाच नाही. मालकांचा चेहरा उतरला. मला वाटलं, माणूसच रुक्ष. मनातल्या मनात त्याला चार शिव्या घातल्या.

मावशी दारात उभी होती. ती कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हती, हातांकडे बघत होती. एकदम पुढे आली आणि माफ करा म्हणत व्यापाऱ्याचं अर्धं खाल्लेलं ताट उचलून घेऊन गेली. मग मालकांचं. मी मागोमाग आत गेल्यावर तिने मला फोडी दाखवल्या. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

“लिंबाचं काम वाइनने करायचं असतं,” ती म्हणाली. “लिंबू आधी जिभेवर गेलं की ती बिचारी पाणी होऊन बसते.”

तिने दुसरे मासे भाजायला घातले. वर नुसतं मीठ आणि लोणी. या ताटातला पहिला घास गिळला न गिळला तोच व्यापाऱ्याचा हात ग्लासाकडे गेला. मग पुन्हा गेला. चीज येईपर्यंत त्याने बाटलीच आपल्याकडे ओढून घेतली होती. त्याने मावशीला बोलावलं आणि विचारलं, घरी तुम्ही कुठली वाइन पिता?

“मी पीत नाही.”

“मग तुम्हाला कळतं कसं?”

“आमचे हे बोलके नव्हते,” मावशी म्हणाली. “जेवण कसं झालंय विचारलं की ‘बरंय’ म्हणायचे, संपलं. मग मी हात बघायला लागले. घास खाल्ल्यावर हात आपणहून ग्लासाकडे गेला तर जमलं. नाही गेला तर तो पदार्थ त्या वाइनबरोबर पुन्हा करायचा नाही. तीस वर्षं बघत होते.”

मी उष्टी ताटं घेऊन तिथेच उभी होते. तीस वर्षं ती का गार जेवत होती, हे आम्हा दीडशहाण्यांपैकी एकालाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. मला रडू आलं, आणि दोन्ही हात भरलेले, त्यामुळे डोळेही पुसता येईनात.

व्यापाऱ्याने वरच्या पट्ट्याची सगळी वाइन घेतली आणि पुढच्या तीन वर्षांचीही बोलून ठेवली. वेल राहिले.

पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरातच जेवायला बसलो. वाटाणे अर्थातच ढीगभर उरले होते. मी ग्लासात थोडी वाइन घेतली. मावशीने मासा वाढला आणि सवयीप्रमाणे आपलं ताट तसंच ठेवून माझ्या हाताकडे बघत बसली.

“मावशी, छान झालंय,” मी म्हटलं. “आता तू जेव. गरम आहे तोवर.”

तिने आपलं ताट पुढे ओढलं.

“एवढं तुझ्या काकांनी एकदा तरी म्हणायला हवं होतं गं,” ती म्हणाली, आणि वाफाळता घास तोंडात घातला.