नसलेल्या खड्ड्याला वळसा

"माणसाची खरी परीक्षा चेंडू गेल्यावर होते," असं राळेगावच्या आमच्या शाळेतले हँडबॉलचे सर गंभीरपणे सांगत. आमच्या मुलींकडून चेंडू सारखाच जात असल्यामुळे परीक्षा वर्षभर चालू असे.

मी तिथे इतिहास शिकवायचो आणि सामन्यांचे गुण मांडायचो. दोन्हीकडे नोंद पराभवांचीच.

गोल कसा मारायचा, हे सरांनी फारसं शिकवलं नाही. चेंडू गेला की हळहळायचं नाही, वळायचं आणि आपल्या गोलपुढे जाऊन उभं राहायचं, एवढंच. एखादी डोक्याला हात लावून थांबली की ते सायकलला टेकूनच ओरडत, "काय पाहून राह्यली वं? गेला तो! वापस!"

मग मैदानावर क्रीडा संकुलाचं भूमिपूजन झालं. तुम्हीही असे समारंभ पाहिले असतील. प्रत्येक पाहुण्याला ऑलिम्पिक दिसत होतं. मैदानाच्या मधोमध पायाचा खड्डा खणला गेला आणि ठेकेदार दिसेनासा झाला. मुली खड्ड्याला वळसा घालून मागे पळू लागल्या.

"चांगलंच हाये," सर म्हणाले. "पायात ताकद येते."

त्याच सुमारास मुख्याध्यापकांनी त्यांना बजावलं, "यंदा जिल्ह्याला एक तरी सामना जिंका. नाहीतर पुढच्या वर्षी तुमची नेमणूक होणार नाही."

यवतमाळला पहिल्याच सामन्यात शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरी होती. मी दोनदा आकडे तपासले. तेवढ्यात चेंडू गेला. एकही मुलगी हळहळली नाही. सगळ्या वळल्या, जीव खाऊन पळाल्या आणि त्या सपाट मैदानाच्या मधोमध येताच नसलेल्या खड्ड्याला वळसा घालून गेल्या.

समोरच्या मुली सरळ गेल्या.

"सरळ काहून नाही आल्या वं?" सरांनी विचारलं.

कर्णधार रडत म्हणाली, "सर, मधात खड्डा हाये ना!" मग तिनं मैदानाकडे पाहिलं.

सरांनी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. "हाये न बाई, खड्डा त हायेच. पण उभी नाही राह्यली कोणी. म्या पाह्यलं."

परीक्षा संपल्यावर त्यांनी शिट्टी शाळेला परत केली. जूनमध्ये ते आले नाहीत. त्यांच्या जागी दुसरंही कोणी आलं नाही.

संकुलाचं काम मात्र पुढे सरकलं आहे. मैदानाला कुंपण घातलं असून फाटकावर फलक लावला आहे: आत खेळण्यास सक्त मनाई.