शेंदराखालचं रिव्हॉल्व्हर

“मॅडम, ते हत्यार नाही. आमचा देव आहे तो,” सकपाळ गुरुजी म्हणाले.

मी त्यांच्या मोबाइलवरचा फोटो मोठा करून पाहिला. पाटावर कोयता, विळा, नांगराचा फाळ आणि मधोमध शेंदराने माखलेला गोळा. गोळ्याला मूठ होती. नळीही होती.

“देवाला ट्रिगर कशाला लागतो?”

गुरुजी मूळचे कुडपणचे, पोलादपूरजवळच्या शाळेत शिक्षक, निवृत्तीला दीड वर्ष. पणजोबा इंग्रजांच्या पलटणीत सुभेदार होते. त्यांनी लढाईत आपल्या कॅप्टनचा जीव वाचवला आणि कॅप्टनने स्वतःचं रिव्हॉल्व्हर बक्षीस दिलं, ही घरातली गोष्ट. तेव्हापासून दर दसऱ्याला त्याला शेंदूर. यंदा मुंबईच्या पुतण्याने पूजेचा फोटो स्टेटसला ठेवला. तो फिरत फिरत पोलिसांपर्यंत पोचला आणि गुरुजी महाडला माझ्या ऑफिसात.

मी वकील आहे. पराक्रमापेक्षा कलम आधी बघते. बिनपरवाना रिव्हॉल्व्हर घरात ठेवणं गुन्हा आहे. अटक झाली आणि दोन दिवस कोठडीत गेले, की गुरुजी निलंबित. मात्र कायद्यात एक सूट आहे. शस्त्र पुरातन असेल आणि दुरुस्त करूनही त्यातून गोळी सुटणार नसेल, तर परवाना लागत नाही. ‘दुरुस्त करूनही’ हे महत्त्वाचं. नुसतं बंद पडलेलं चालत नाही.

“पोलीस घरी यायच्या आत आपणच घेऊन जायचं,” मी म्हटलं. “आणि पुसायचं नाही. उद्या म्हणतील, पुरावा बिघडवला.”

दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनला इन्स्पेक्टर, दोन पंच आणि अलिबागहून आलेला आर्मरर, म्हणजे पोलिसांच्या बंदुकांची देखभाल करणारा माणूस, असे सगळे हजर. देव घराबाहेर पडतोय म्हणून गुरुजींच्या आई सोनाबाईही सोबत आलेल्या.

“वकीलबाई, देव आणलाय की फटाका?” इन्स्पेक्टरांनी विचारलं.

आर्मररने तो गोळा हातात तोलला. “बोटभर थर आहे. आत काय आहे ते दिसल्याशिवाय मी लिहून देणार नाही. खरवडावं लागेल.”

“खरवडायचं नाही!” गुरुजी उभे राहिले. “हवं तर गुन्हा दाखल करा.”

इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. गुन्हा दाखल करायला त्यांना दहा मिनिटं पुरली असती. मी सोनाबाईंकडे वळले. “आई, आता तुम्हीच सांगा यांना.”

“बस रे खाली,” त्या लेकाला म्हणाल्या. “आपल्या म्हसोबाचं शेंदराचं कवच सुटलं, तवा नदीत सोडाया कोण गेलं होतं? तूच ना? देव कवच टाकतोच. ह्यानं टाकलं नाय, तर आपण काढू. पण शेंदूर खाली सांडायचा नाय. ताटात घ्या. मी सावित्रीत सोडीन.”

“पंचनाम्यात लिहा,” इन्स्पेक्टर हवालदाराला म्हणाले. “शेंदूर, एक ताट.”

कोमट खोबरेल तेल आणि बांबूची काडी. दोन तास गेले. आधी मुठीवर चांदीची पट्टी निघाली. तिच्यावर इंग्रजी अक्षरं. मी चष्मा लावून वाचलं. कॅप्टन एच, पुढचं झिजलेलं. खालची ओळ मात्र स्वच्छ: पलटणीच्या देशी अधिकाऱ्यांकडून सप्रेम भेट.

“उलटं वाचलंत का मॅडम?” गुरुजींनी विचारलं.

सरळच वाचलं होतं. सुभेदार म्हणजे देशी अधिकारीच. भेट साहेबाने पणजोबांना नव्हे, तर पणजोबांनी इतरांसोबत साहेबाला दिली होती. मग ती कुडपणला परत कशी आली?

“हे बघा,” आर्मरर म्हणाला. गोळ्या भरायच्या चक्राची दोन घरं फाटली होती, फुटलेल्या शेंगेसारखी. “गोळी आतच फुटलीय.”

“चक्र नवीन बसवलं तर?” इन्स्पेक्टरांनी विचारलं.

“बसवायचं कशात, साहेब? सांगाडाच चिरलाय. हे आता कुणाच्या बापाला दुरुस्त होणार नाही.”

गुरुजींचा चेहरा पडला. सुटका झाल्याचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. “म्हणजे साहेबाने आमचंच आम्हाला मोडून परत दिलं?”

“मोडकं दिलं म्हणून आज घरी जेवशील,” सोनाबाई म्हणाल्या आणि ताट उचलून बाहेर पडल्या.

चार महिन्यांनी सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आला. निष्कर्ष तोच. गुन्हा दाखल झाला नाही, रिव्हॉल्व्हर पत्रासह परत मिळालं. ते फुटलं तेव्हा कोणाच्या हातात होतं, कॅप्टनच्या की सुभेदाराच्या, हे मला अजून जाणून घ्यायचंय. आर्मररला विचारलं, तर म्हणाला, ते लोखंड सांगत नाही.

हल्ली पक्षकार घराण्याची कीर्ती सांगू लागला, की मी त्याला थांबवते आणि आधी वस्तू टेबलावर ठेवायला सांगते. कोर्टात कीर्तीचा उपयोग होत नाही. वस्तूला तडा गेलेला असला, तर त्याचा होतो.