फरशीवर पाय कळत नाही

तामलवाडीहून आईला घेऊनच यायचं, असं ठरवून मी सकाळी सोलापूरहून निघालो. त्या साली निजामाच्या हद्दीतली सरहद्दीवरची गावं भेदरलेली होती. केव्हा हल्ला होईल याचा नेम नव्हता. लोक बोचकी घेऊन सोलापूरकडे येत होते, आणि माझी आई तिथंच बसून होती. मी लहान असतानाच तापात तिचे कान गेले. गावात आरडाओरडा झाला तरी तिला कळणार नव्हतं. लहानपणी तिला हाक मारायची म्हणजे मी सारवलेल्या जमिनीवर दोनदा टाच आपटायचो. मग ती वळायची.

समोरून येणाऱ्या गाड्यांना वाट देत चाललो होतो. सगळे येत होते, जाणारा मी एकटाच. वाटेत कुणी रामरामसुद्धा केला नाही.

करोडगिरीच्या (जकातीच्या) नाक्यावर मला थांबवून ठेवलं. मी बाभळीखाली उभा राहिलो. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि सुटीत किड्यांची चित्रं काढतो, त्यामुळे लोक मला अर्धवट समजतात. तर डहाळीवरचा एक काटा चालू लागला. पाठीवर काट्यासारखं टोक असलेली ती किड्याची मादी होती. तिच्या जरा वर तिची पिल्लं दाटीनं चिकटली होती. इतक्यात एक गांधीलमाशी त्यांच्याभोवती घिरट्या घालू लागली. कडेच्या पिल्लानं अंग झटकलं, मग शेजारच्यानं, मग सगळ्यांनी एकदम. आवाज कसलाच नाही. पण ती थरथर डहाळीतून आईला पोचली असणार. ती तरातरा वर आली आणि पंख फडफडवत, लाथा झाडत माशीच्या अंगावर गेली. माशी पळाली, तसं आईनंही अंग हलवलं आणि पिल्लं शांत झाली. मला आमच्या घरची सारवलेली जमीन आठवली.

"झाडात काय लपवलाव जी?" मागून शिपायानं विचारलं.

"काही नाही. किडे बघतोय."

"असल्या दिवसांत किडे?"

त्याला ते खरं वाटेना, आणि त्याचंही चुकलं नाही. काही दडवलंय की काय म्हणून त्यानं काठीनं डहाळी झोडपली. निघालं काहीच नाही. "कुठं जाताव?"

"आईकडं."

"मग जाव की लौकर."

पोचलो तेव्हा आई पाठमोरी बसून ज्वारी निवडत होती. मी उंबऱ्याच्या आत दोनदा टाच आपटली.

"आलास व्हय," ती न वळताच म्हणाली.

तिनं भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. जेवता जेवता मी विषय काढला. ओठांवरून तिला बोलणं कळतं.

"म्या न्हाय येत," ती म्हणाली. "मागं आल्ते तवा बघितलं. तुज्या घरी फरशी. तू मागं येऊन हुबा राहिलास तरी कळंना. सारकी दचकायची. लई येकटं वाटतं तिथं."

"आणि इथं कुणी चालून आलं तर?"

"शेजारची काशी हाय की. ती येऊन पाय आपटंल. तसं ठरलंय आमचं."

मी चिडलो, विनवण्या केल्या, शेवटी रडलो. ती पाठीवर थोपटत राहिली. मी शांत झालो, पण ती काही बधली नाही.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर बाभळीपाशी थांबलो. पिल्लं डहाळीवरच होती. त्यांची आई दिसली नाही. माझी सावली पडताच सगळी एकदम हलली. खालून कुणी वर आलं नाही. सावली सरली तरी ती हलतच राहिली, कारण त्यांना थांबवणारं कुणी नव्हतं. मला तिथं उभं राहवेना.

संध्याकाळी खोलीचं कुलूप काढलं. आई आली नाही याचं दुःख होतंच. पण माझ्या घरात तिला हाक मारायची सोयच नाही, हे इतके दिवस माझ्या ध्यानात आलं नव्हतं, ते जास्त लागलं. दिवा न लावताच मी फरशीवर दोनदा टाच आपटली. टाच दुखली, एवढंच.