डोंबिवलीच्या उन्हात जप्त झालेले दोन पंख

डोंबिवलीतली ती घटना आठवली की मला आजही पहिल्यांदा स्वतःचंच हसू येतं. मी विमानाचे पंख जप्त करून पोलीस ठाण्याच्या आवारात भर मे महिन्यात उघड्यावर ठेवले आणि वर जप्त गुटख्याची पोती रचली. नातू म्हणतो, "आजी, हे लिहू नकोस, लोक हसतील." हसू देत. पेन्शन काही कापली जाणार नाही.

नुकतीच निरीक्षक झाले होते. नवी टोपी, कडक इस्त्री आणि आपल्याला सगळं कळतं अशी ठाम समजूत. औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये दोन माणसं बसतील अशी हलकी विमानं बनत. मालकाला सगळे शेठ म्हणत. शेठची तक्रार अशी, की पंख धडाला जोडणाऱ्या पोलादी पिना चोरीला गेल्यात आणि पंखांतही छेडछाड झाली असावी. शनिवारी गिऱ्हाइकासमोर उड्डाण ठरलेलं. पिना खास घडवलेल्या, बाजारात मिळत नाहीत.

खबर आमच्या माणसाकडून दुपारपर्यंत आलीच. वसाहतीच्या नाक्यावर त्याची चहाची टपरी होती. "मॅडम, ती डिझाईनवाली बाई, ठाकुर्लीला राहते ती. आदल्या संध्याकाळी पिशवी छातीशी धरून गेली. रोज चहा घेते, त्या दिवशी थांबलीच नाही."

पंचनाम्याला गेले तेव्हा शेडमध्ये दोन पंख होते. एक जुन्या विमानाचा, पांढरा. एक नव्याचा, गडद मरून. कुठल्यात छेडछाड झाली, मला काय कळणार? पण विचारलं तर अज्ञान दिसेल. म्हणून दिसले ते दोन्ही पंख जप्त केले. मुद्देमालाच्या खोलीत एवढे लांब पंख मावेनात. आवारात दोन्ही टोकांना बाक लावून आडवे टाकले. गुटख्याची पोतीही ठेवायला जागा नव्हती, तर मीच हुकूम सोडला, "यांच्यावर ठेवा. दोन्हींवर सारखी. वेडंवाकडं मला चालत नाही."

बाईला बोलावलं. तिशीतली, इंजिनिअर, हातावर रेझिनचे डाग.

"पिना कुणी नेल्या?"

"मी."

कबुली इतक्या लवकर मिळाली की माझा पुढचा दरारा वायाच गेला.

"कुठे आहेत?"

"सांगणार नाही."

"अगं, आत टाकीन."

"टाका. शनिवारपर्यंत ठेवा म्हणजे झालं."

तिचं म्हणणं असं. फायबरचा पंख रेझिन नावाच्या, घट्ट होणाऱ्या चिकट द्रावाने बनतो, आणि ते रेझिन भट्टीत भाजावं लागतं, नाहीतर उन्हात मऊ पडतं. पांढरा पंख भाजलेला होता. नव्या विमानाच्या वेळी शेठनी भट्टी वगळली, कारण भाड्याच्या भट्टीसाठी थांबलं तर शनिवार हुकला असता. वर गिऱ्हाइकाला आवडतो म्हणून मरून रंग दिला. गडद रंग ऊन पितो. बाईने पंख मंजूर करणारी सही नाकारली, तर शेठ म्हणाले, सही दुसऱ्याची घेऊ.

"पुरावा?" मी विचारलं.

"चाचणी करू देत नाहीत, तर पुरावा कुठून आणू?"

मला वाटलं, पगारावरून वाजलं असेल. तिला नोटीस देऊन घरी पाठवलं, रोज हजेरी लावायला सांगितलं आणि मनात तिला गुन्हेगार ठरवून मोकळी झाले.

मग वरून फोन. "पंख आज परत करा. उद्योगाला त्रास नको. पिना दुसऱ्या बनतायत." मला प्रकरण कळलं नव्हतं, पण हुकमाचा सूर आवडला नाही. म्हटलं, "साहेब, मुद्देमाल न्यायालयाच्या आदेशाने सुटतो. तुमचा आदेश असेल तर लेखी द्या." लेखी काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवारात गेले तर मरून पंख मधोमध खाली आलेला, सैल बाजेसारखा. पांढरा सरळ. पोती दोन्हींवर सारखीच. मी हवालदारावर कडाडले, "यावर बसलं कोण?"

"मॅडम, विमानावर बसायची आपली ऐपत कुठली," तो म्हणाला.

हात लावला तर तवा. पोती उतरवली, तरी झोळ गेला नाही. मुद्देमाल खराब, म्हणजे माझी खात्यात चौकशी. खरं सांगते, बाईला मी बोलावलं ते शेठ यायच्या आत पंख सरळ करून घ्यायला.

ती आली. दोन्ही पंखांवरून हात फिरवला, वाकून खालून पाहिलं आणि बाकावर बसून तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, "रडू नकोस, होईल सरळ."

"सरळ करू नका, मॅडम," ती म्हणाली. "फोटो काढा. पंच बोलवा."

तेव्हा कुठे माझ्या नव्या टोपीखाली उजेड पडला.

शेठना बोलावून पंखापुढे उभं केलं. "शनिवारी यात बसणार कोण होतं?"

"पायलट. आणि बाजूला मी," ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून त्यांनी पंख टिकेल असं आधी स्वतःलाच पटवलं होतं. त्यांनी पंखावर अंगठा दाबून पाहिला. खळगा पडला.

शनिवारचं उड्डाण झालं नाही. गिऱ्हाईक गेलं. शेठनी पुढे स्वतःची भट्टी बांधली आणि पंख पांढरे केले. पिना बाईने आणून दिल्या. चोरीला बदनियत लागते, ती इथे नव्हती, असा अहवाल मी न्यायालयात पाठवला. वरून पुन्हा फोन आला, अहवाल मवाळ करा म्हणून. केला नाही. पुढची बदली गैरसोयीची मिळाली. तीही मजेत काढली.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. चौकशीत गप्प बसणाऱ्याकडे आपण संशयाने बघतो. पण "मीच केलं, टाका आत" असं म्हणणाऱ्या माणसासमोर पोलिसाने पेन खाली ठेवून आधी नीट ऐकावं. गुन्हेगार सुटायला बघतो. ही बाई अडकायला आली होती.

अहवाल गेल्यावर ती जबाबाची प्रत न्यायला आली. मी मोठ्या अधिकाराने उपदेश केला, "अगं, पिना पळवण्यापेक्षा आधी सरळ पोलिसांकडे यायचं."

ती म्हणाली, "आले होते, मॅडम. इथेच. बाहेरच्या टेबलावर सांगितलं, विमान पडल्यावर या."